मायलेकींच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या तर

इंग्रजी मध्यमवर्गीय घरांतल्या मायलेकींची ओढाताण वाचायची म्हणतेस, तर सुरुवात एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘वाइव्ह्ज अँड डॉटर्स’पासून कर. जाडजूड आहे, आणि १८६५ मध्ये लेखिका गेल्यामुळे शेवट अपुराच राहिला. पण सिंथिया आणि तिची आई! आई विधवा, शाळा चालवून कसंबसं भागवणारी. लेक लहानपणापासून दूर ठेवलेली. डॉक्टर गिब्सनशी आईचं दुसरं लग्न ठरतं, तेव्हा ती लेकीला लग्नाला येऊ देत नाही. का, तर तरुण, देखणी मुलगी शेजारी असली की नवरीकडे कोण बघणार? आरडाओरडा मात्र नाही. सिंथिया हसत हसत आईला टोमणे मारते, आईच्या ते गावीही नसतं. तिची वाक्यं सावकाश वाच, घाईत निसटतात.

मग जेन ऑस्टेनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. त्यातल्या आईला, मिसेस बेनेटला, हसण्याआधी पैशाचा हिशेब मांड: पाच मुली, नवऱ्यामागे इस्टेट कॉलिन्स या दूरच्या नातेवाइकाकडे जाणार, आणि नवऱ्याने शिल्लक काही टाकलेली नाही. लेक एलिझाबेथ याच कॉलिन्सचं लग्नाचं मागणं नाकारते तेव्हा आई ‘तुझं तोंड बघणार नाही’ म्हणते, ते या धास्तीतून. (मला तर खोलीत पुस्तकं घेऊन बसणाऱ्या बापाचाच जास्त राग येतो.)

विसाव्या शतकातलं हवं तर ई. एम. डेलाफील्डचं ‘थँक हेवन फास्टिंग’ घे, १९३२चं. घर जरा वरच्या थरातलं आहे, पण लेकीचं लग्न जमेना म्हणून चाललेली आईची घालमेल ओळखीची वाटेल.