श्रावणातही टार्गेट तेच

वसमत तालुक्यातील एका तरुणाच्या पत्राचा सारांश : मी छत्रपती संभाजीनगरातील एका मोठ्या साखळी सलूनमध्ये 14 महिन्यांपासून हेअर स्टायलिस्ट आहे. पगार 14 हजार रुपये. महिन्याचे बिल त्याच्या चौपट झाले तरच इन्सेंटिव्ह मिळतो. सकाळी दहा ते रात्री नऊ काम चालते आणि दहा मिनिटे उशीर झाला तरी अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. रुजू होताना दोन वर्षांच्या बॉण्डवर सही घेतली आणि बारावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली. मध्येच सोडल्यास 50 हजार भरावे लागतील, शिवाय वर्षभर शहरात कुठेही काम करता येणार नाही, असे मॅनेजर सांगतात. गावी एसटी स्टँडजवळ वडिलांचे दाढी-कटिंगचे दुकान आहे. त्यांना मी पगार 25 हजार सांगितला आहे. परत गेलो तर लोक हसतील. मी काय करावे?

उत्तर :

नोकरी चांगली की वाईट, हा तुमचा प्रश्न नाही. त्याचे उत्तर तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. तुम्ही अडकला आहात ते कंपनीच्या कपाटातील गुणपत्रिकेमुळे आणि गावच्या लोकांच्या तोंडांमुळे. आधी कपाटाचे पाहू.

मूळ गुणपत्रिका ही तुमची मालमत्ता आहे. पडताळणी झाल्यानंतर ती अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही. ती परत मागणारा अर्ज आजच ईमेलने पाठवा. तोंडी मागणीला तोंडीच उत्तर मिळते आणि पुढे त्याचा पुरावा राहत नाही. नोकरी सोडल्यावर वर्षभर काम करू न देण्याच्या अटीला घाबरू नका, कारण एखाद्याला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार सर्वसाधारणपणे निरर्थक ठरतो. बॉण्डचे मात्र तसे नाही. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरपाई मागणारी अट सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात वैध मानली आहे, तेव्हा तो कागद फाडून टाकण्याजोगा आहे असे मी सांगणार नाही. परंतु भरपाई वाजवी असावी लागते. तीन आठवड्यांच्या ज्या प्रशिक्षणात तुम्ही निम्मा वेळ केस झाडले आणि टॉवेलांच्या घड्या केल्या, त्याचा खर्च 50 हजार कसा झाला, हे कंपनीला दाखवावे लागेल. दोन वर्षांपैकी 14 महिने तुम्ही पूर्ण केले आहेत, हेही तुमच्याच बाजूने आहे.

पगारकपातीबाबत कायदा स्पष्ट आहे. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते, त्यामुळे दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापणे बसत नाही. दंड लावायचा तर आधी तुमचे म्हणणे ऐकावे लागते आणि त्याची एकूण रक्कम त्या महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. तुमच्या बाबतीत ती 420 रुपये होते. ठरलेल्या तासांपलीकडील कामाला दुप्पट दर द्यावा लागतो.

टार्गेटविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे तुम्ही स्वतःला उगाच दोष देत आहात. श्रावणात आणि पितृपक्षात आपल्याकडे कितीतरी पुरुष दाढी-कटिंग करत नाहीत, हे तुमच्या वडिलांना कुणी शिकवावे लागले नसेल. त्या दिवसांत ते हात आखडता घेतात आणि लग्नसराईत भरून काढतात. तुमच्या कंपनीत मात्र श्रावणालाही 56 हजारांचे बिल आणि वैशाखालाही 56 हजारांचे. मेंबरशिप कार्डावर सवलत कंपनीने दिली, तरी कमी झालेले बिल तुमच्या नावावर पडते, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे मंदीचा तोटा कारागिराने सोसायचा आणि तेजीत ठरावीक टक्क्यांवर समाधान मानायचे. यात तुमच्या कात्रीचा काहीएक दोष नाही.

पत्राच्या शेवटी, जाता जाता, शाम्पू आणि कलरमुळे बोटांच्या पेरांना भेगा पडल्याचे आणि केस सरळ करण्याचे केराटिन करताना डोळे झोंबत असल्याचे लिहिले आहे. ते शेवटी लिहायचे नव्हते. केस सरळ करणाऱ्या काही उत्पादनांतून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो आणि त्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत होते. हातमोजे आणि हवा खेळती ठेवण्याची सोय लेखी मागा, आणि भेगा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, 0.75 टक्के कापले जात असतील, तर हे उपचार त्या योजनेतच होतात. पीएफची रक्कम खरोखर भरली जाते का, तेही उमंग या सरकारी ॲपवर पाहून घ्या.

आता गावचे. लोक हसतील, आणि दोन दिवसांनी दुसरे काही सापडले की विसरतील. वडिलांचे तसे नाही. 25 हजारांच्या भरवशावर ते कुणाला शब्द देऊन बसले तर तो निस्तरणे तुम्हा दोघांनाही जड जाईल. सोमवारी त्यांचे दुकान बंद असेल, तेव्हा खरा आकडा सांगा. गावी परतण्याचा निर्णय मात्र त्याच फोनवर घेऊ नका. माझ्या मते तुम्ही आधी शहरातच एखाद्या लहान सलूनमध्ये टक्केवारीवर खुर्ची मिळते का ते पाहावे, आणि ती पक्की झाल्यावरच राजीनामा द्यावा.

ईमेलला पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर कामगार आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात तक्रार द्या. वकिलाची गरज पडल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे विनामूल्य वकील मिळतो. तोवर रोजची येण्याजाण्याची वेळ वहीत लिहीत जा आणि पगारचिठ्ठ्या घरी ठेवा. कंपनीच्या संगणकातील ग्राहकांचे नंबर मात्र उतरवून घेऊ नका. जे ग्राहक तुमच्या हातासाठी येतात ते विचारत विचारत नव्या खुर्चीपर्यंत पोहोचतील, आणि चोरीच्या यादीचे निमित्त कंपनीला आयते मिळणार नाही.