आधी मेडिकल, मग पैसे: वैमानिक होऊ पाहणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

कोल्हापूरच्या विमानतळाची, म्हणजे उजळाईवाडीची धावपट्टी १९३९ सालची, राजाराम महाराजांच्या काळातली. तिथून उडणारी विमानं बघत वाढलेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पत्रं या वेळी घेतली आहेत.

माझी बारावी कॉमर्सची. गणित होतं, फिजिक्स नव्हतं. कमर्शियल पायलट होण्याचा रस्ता बंद झाला का? (विद्यार्थी, कागल)

बंद झालेला नाही. डीजीसीएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, बारावीचं फिजिक्स आणि गणित लागतं. तुमचं एकच राहिलंय. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, फक्त फिजिक्स हा विषय देता येतो आणि तो चालतो. ॲडमिशन घेताना बारावीचाच, म्हणजे सीनियर सेकंडरीचा विषय घेतलाय ना, हे पावतीवर बघून घ्या.

खरी अडचण पुढे येते. डीजीसीएच्या लेखी परीक्षांना बसायला कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएने उमेदवाराला दिलेला क्रमांक, लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं, असा प्रकार घरोघरी असतो. नाव सगळीकडे अक्षरशः सारखं करून घ्या आणि मगच अर्ज भरा. एका स्पेलिंगपायी महिने जातात. पडताळणी चालू असताना नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्सचा अभ्यास सुरू ठेवा. पास व्हायला प्रत्येक पेपरात ७० टक्के लागतात.

मुलगी बारावी सायन्स पास झाली, चष्मा आहे, नंबर उणे अडीच. चार एकर ऊस आहे. एक फ्लाइंग स्कूल म्हणतंय, सगळी फी एकदम भरा, सूट देतो. जमीन तारण ठेवून कर्ज काढावं काय? (पालक, शिरोळ तालुका)

दादा, थांबा. आधी मुलीची मेडिकल करा.

सुरुवातीला डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू मेडिकल आणि त्यानंतर क्लास वन. कमर्शियल लायसन्ससाठी क्लास वन लागतंच. चष्म्याची भीती घेऊ नका. चष्मा लावून नजर नियमात बसली तर चालतं, फक्त उडताना जास्तीचा एक चष्मा जवळ ठेवावा लागतो. रंग ओळखण्याची तपासणी मात्र लक्षपूर्वक करून घ्या. ठिपक्यांच्या पानांतला आकडा वाचायचा, तिला इशिहारा म्हणतात. गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडे ती पाच मिनिटांत होते आणि लाखो रुपयांचा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. कुणी लेसर करून घ्या म्हणालं तर घाई करू नका. ऑपरेशननंतर ठरावीक काळ अनफिट धरतात आणि आधीच्या नंबरचे कागद मागतात. ‘टेम्पररी अनफिट’ असा शेरा आला तरी खचू नका, उपचार करून पुन्हा तपासणी होते. क्लास वन हातात पडेपर्यंत शाळेला एक रुपयाही देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

आता कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. शेतजमीन सरफेसी कायद्यातून वगळलेली आहे, म्हणजे त्या कायद्याने बँकेला ती ताब्यात घेऊन विकता येत नाही. म्हणून बँका शेतजमिनीला सहसा नको म्हणतात आणि घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट मागतात. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असेल तर बोलणं तिथंच थांबतं. ४० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी धरलं तर वर्षाचं व्याज ४ लाख, म्हणजे महिन्याला ३३ हजारांच्या वर. मुलगी शिकत असतानाही ते चढतच असतं. शिवाय लायसन्स मिळाल्यावर मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याची पात्रता, करायला आणखी लाखो रुपये लागू शकतात. तो खर्च हिशेबात आत्ताच धरा.

सगळी फी एकदम भरू नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते लिहून घ्या. शाळेला एकच गोष्ट विचारा: गेल्या महिन्यात सगळे मिळून किती तास उड्डाण झालं आणि विद्यार्थी किती? ३०० तास आणि ६० विद्यार्थी असतील तर एकेकाच्या वाट्याला ५ तास आले. लायसन्सला २०० तास लागतात, म्हणजे या चालीने ४० महिने. महिन्याला १५ तास मिळाले तर चौदा महिन्यांत उरकतं. पावसाळा, सुट्या भागांसाठी उभं राहिलेलं विमान, सोडून गेलेला इन्स्ट्रक्टर, ही उशिराची नेहमीची कारणं. हँगरमध्ये जाऊन विमानं मोजा. उभी किती आणि उडणारी किती, ते वेगळं लिहा. लायसन्सच्या अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत १५ तासांचं उड्डाण असावं लागतं. काम रेंगाळलं तर तेवढे तास पुन्हा उडावे लागतात, तेही स्वतःच्या खर्चाने.

२२ तास झाले तरी सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उडायची परवानगी, मिळाली नाही. शिकायचं विमान सेसना १७२ आहे. उतरताना कधी धावपट्टीवर तरंगत राहतं, कधी आपटून उसळतं. बरोबरचे १५ तासांत सोलो गेले. (प्रशिक्षणार्थी, मूळ राहणार इचलकरंजी)

२२ तासांत काही बिघडलेलं नाही, आणि दुसऱ्याचे तास मोजू नका. तुमची लक्षणं ओळखीची आहेत.

तरंगणं वेगामुळे होतं. पूर्ण फ्लॅप्सवर (पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण खाली), फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरताना, वेग ६५ नॉट्सच्या जवळपास पाहिजे. ७५ वर आलात तर जास्तीचा वेग जिरेपर्यंत विमान खाली बसत नाही. फायनलला वळल्यावर आधी ट्रिम करा, म्हणजे कंट्रोलवरचा दाब ट्रिमच्या चाकाने काढून टाका. हात सैल सोडला तरी वेग तिथंच राहिला पाहिजे.

आपटणं बहुतेक वेळा नजरेमुळे. नाकासमोरची जमीन बघत राहिलात तर ती अंगावर आल्यासारखी वाटते आणि हात एकदम मागे ओढला जातो. जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला न्या, पॉवर आयडलवर (इंजिन अगदी मंद), आणि जसजसं विमान बसायला लागेल तसतसं कंट्रोल हळूहळू मागे. मागची चाकं आधी टेकली पाहिजेत. बारीक वाटेल, पण सीटची उंची रोज एकच ठेवा. सीट दोन खाचा वरखाली झाली की क्षितिज बदलतं आणि कालचा अंदाज आज चुकतो. उंची कमी असेल तर उशी घ्या, तीही रोज तीच.

उसळल्यावर नाक खाली दाबू नका. पुढचं चाक आधी आपटतं, विमान पुन्हा उसळतं आणि तिसऱ्या उसळीला प्रोपेलर जमिनीला लागू शकतो. फुल पॉवर द्या, फ्लॅप्स २० वर आणा, वर चढतंय याची खात्री करा आणि पुन्हा फेरी मारा. यालाच गो-अराउंड म्हणतात. इन्स्ट्रक्टरला सांगून एक सॉर्टी (उड्डाण) फक्त गो-अराउंडचीच करा. परत फिरता येतं याचा भरवसा आला की हात आपोआप सैल पडतो. उन्हाळ्यात सकाळची पहिली सॉर्टी मागून घ्या. दुपारी तापलेली हवा विमान उचलते, आणि मग चूक आपली की हवेची तेच कळत नाही.

माझं शिक्षण मराठी माध्यमात. रेडिओवर इंग्रजी जमेल? (विद्यार्थिनी, गारगोटी)

जमेल. रेडिओची भाषा ठरलेली असते: कुणाला बोलावताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’ म्हणायचं. धावपट्टी, उंची, दिशा आणि क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकावर लावायचा दाब, हे कंट्रोलरने, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्याने, सांगितलं की जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. रोज वीस मिनिटं आकडे मोठ्याने म्हणा. घरातल्या कुणालातरी कंट्रोलर करा आणि एकदा ऐकून परत म्हणायची सवय लावा. बोलण्याआधी बटण दाबून क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणा. अंदाजाने होकार देऊ नका.