थर वाढले, गाणी दबली

प्रश्न : आमचा चौघांचा इंडी रॉक बँड आहे. पहिला अल्बम दोन गिटार, बेस आणि ड्रम्सवर केला. दुसऱ्यासाठी कीबोर्ड घेतला, गिटारचे चार-चार ट्रॅक केले. तरी ऐकणारे म्हणतात, पहिलाच दमदार होता. चुकतंय कुठे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मिक्सिंगच्या, म्हणजे ट्रॅक एकत्र जुळवण्याच्या आधी, वाजवण्याच्या वाटणीत. गिटारच्या कॉर्डचा गाभा, कीबोर्डवाल्याचा डावा हात, बेसचे वरचे अंश आणि गायकाच्या आवाजाचा भरीवपणा हे सगळं साधारण २०० ते ५०० हर्ट्झमध्ये दाटतं. शब्द कळेनासे झाले की प्रत्येक जण आपापला फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर सरकवतो आणि चिखल आणखी वाढतो.

कडव्यात कीबोर्डचा डावा हात बंद ठेवा. उजव्यानं मधल्या ‘सी’च्या वरचे दोन-तीन सूर पुरे. दोन्ही गिटारांनी एकच कॉर्ड एकाच जागी वाजवू नये : गाणं ‘ए’मध्ये असेल, तर दुसऱ्या गिटारवाल्यानं सातव्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून ‘डी’चा आकार धरावा. सूर तोच, पण उंचीवरचा.

चार ट्रॅक ठेवायचेच असतील, तर गेन, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारं बटण, जवळपास निम्म्यावर आणा. हा फाटलेपणा, म्हणजे डिस्टॉर्शन, चढउतार दाबून टाकतं. असे चार थर एकावर एक आले की तारेवरचा आघातच पुसला जातो. आणि एकदाच वाजवलेला टेक कॉपी करून दोन बाजूंना टाकणं म्हणजे डबलिंग नव्हे. त्यानं आवाज चढतो, रुंदी येत नाही. दुसऱ्यांदा वाजवावंच लागतं, कंटाळा आला तरी. गिटारला ८०-१०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा, खालची जागा बेस आणि किकची, म्हणजे पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमची.

शेवटी ध्रुवपदात एकेक ट्रॅक म्यूट करून बघा. ज्याच्यावाचून अडत नाही, तो काढा. रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडनं १९९७च्या ‘ओके कॉम्प्युटर’नंतर २०००च्या ‘किड ए’मध्ये गिटारच मागे सारल्या होत्या, तुम्हाला एवढं टोक गाठायची गरज नाही.

प्रश्न : ड्रम्सच्या वर लावलेले दोन ओव्हरहेड माइक एकत्र ऐकले की स्नेअर (मधला कडक आवाजाचा ड्रम) पातळ होतो. एकेकटे ठीक वाटतात.

उत्तर : फेजचा घोटाळा : एकच आवाज दोन माइकपर्यंत थोडा मागेपुढे पोचतो आणि लहरी एकमेकींना खोडतात. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. स्नेअरपासूनच्या अंतरात तेवढा फरक पडला, तर एकत्र ऐकताना ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा आणि दोन्ही माइक त्याच लांबीवर आणा. फुटपट्टीपेक्षा सुतळी बरी.

प्रश्न : घर नारायण पेठेत. गणपतीच्या आधी संध्याकाळी नदीपात्रातल्या पथकांचा सराव गाण्याच्या ट्रॅकमध्ये शिरतो. खिडकीला गोधड्या लावल्या, उपयोग नाही.

उत्तर : होणारही नाही. गोधडी खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा शोषते. ढोलाचा खर्ज तिला जुमानत नाही. संध्याकाळी बेस आणि इलेक्ट्रिक गिटार माइकशिवाय थेट इंटरफेसमध्ये (कॉम्प्युटरला आवाज पोचवणाऱ्या डबीत) जोडून उरका, गायन सकाळी घ्या. गोधड्या काढू नका, गायकाच्या पाठीमागे टांगा.