सुट्टी सरताना दुखणारे पोट

“मॅडम, कॉलेज सुरू व्हायला अठरा दिवस राहिलेत आणि परत जायचं नाव काढलं की पोरगं पोट धरून बसतंय. हा आळस आहे की आजार?” जून लागला की लातूरच्या माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न थोड्याफार फरकाने येतोच. या वेळी तो विचारणाऱ्या आईचा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आला होता. मुलाच्या संमतीने, पण ओळख पटू नये इतपत तपशील बदलून ही हकिकत लिहीत आहे.

डॉक्टरांनी तपासले होते, सोनोग्राफीही झाली होती आणि काहीच सापडले नव्हते. त्यामुळे वडिलांनी ‘नाटकं’ असा निकाल देऊन टाकला होता. तपासणीत काही न सापडणे म्हणजे दुखणे खोटे असणे नव्हे, हे मला पालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. भीतीच्या वेळी शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीला लागते, पचनाचे काम मागे पडते, आतड्यांची हालचाल बदलते आणि पोटात खरोखरच कळ येते. जाणे पुढे ढकलले की कळ थांबते, म्हणून घरच्यांना ते सोंग वाटते. प्रत्यक्षात त्या तात्पुरत्या सुटकेनेच भीती मुरत जाते, कारण ‘गेलो नाही म्हणून बरे वाटले’ एवढेच मन त्यातून शिकते.

वडील शेजारी बसले असताना मुलगा “काही नाही, ठीक आहे” यापलीकडे बोलला नाही. मी त्याला एकट्याला भेटले. आधी रॅगिंगबद्दल विचारले. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा असला तरी मुले हा त्रास सहसा आपणहून सांगत नाहीत. तसे काही नव्हते. मग जगणे नकोसे वाटते का, हेही मी सरळ शब्दांत विचारले. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल ही पालकांची भीती निराधार आहे; उलट कोणीतरी स्पष्ट विचारले याचाच अनेकांना आधार वाटतो. “तसं नाही,” तो म्हणाला, आणि बऱ्याच वेळाने पुढे म्हणाला, “माझा एम-थ्री राहिलाय. घरी सगळं क्लिअर आहे असं सांगितलंय.”

एम-थ्री म्हणजे दुसऱ्या वर्षाचे गणित. ते हिवाळी सत्रात राहिले होते. उन्हाळ्यात त्याने तो पेपर पुन्हा दिला होता, निकाल लागायचा होता. एखादा विषय राहिला तरी वर्ष वाया जातेच असे नाही, हे या मुलांना ठाऊक असते; पण घरी त्यासाठी ‘नापास’ हा एकच शब्द असतो. खोलीवरच्या चौघांचे सगळे विषय सुटले होते. त्याला कॉलेजची भीती नव्हती, निकालाच्या दिवशी त्या चौघांत एकटे बसण्याची आणि आईच्या “निकाल लागला का रे?” या फोनची भीती होती. ज्याला घरचे आळस म्हणतात त्याच्या तळाशी असे एखादे न सांगितलेले वाक्य मला फार वेळा सापडले आहे, आणि ते सापडेपर्यंत वेळापत्रके आखून देण्यात काहीही अर्थ नसतो.

ते वाक्य त्याने स्वतः सांगावे, मी नाही, असे ठरले. पुढच्या भेटीत तो वडिलांसमोर बोलला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. वडील बराच वेळ गप्प राहिले. मृग कोरडा चालला होता आणि सोयाबीनची पेरणी त्यांच्या डोक्यात असणारच. “पाऊस दगा देतो तव्हा आपण दुबार पेरणी करतोच की,” ते म्हणाले. “मला सांगायला काय झालं होतं?” माझ्या कोणत्याही सल्ल्याने झाले नसते ते त्या प्रश्नाने झाले, मुलगा रडला आणि मग बोलू लागला.

पुढचे काम तुलनेने सोपे होते. तो पहाटे तीनपर्यंत मोबाइल पाहून सकाळी अकराला उठत असे. उठण्याची वेळ दर दोन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणली. दोन आठवड्यांत ती साडेसातवर आली. झोपण्याच्या वेळेवर नव्हे, उठण्याच्या वेळेवर आणि सकाळच्या उजेडात अंगणात बसण्यावर भर दिला, कारण शरीराचे घड्याळ त्यानेच लवकर सरकते. वर्ग सुरू होण्याच्या दोन दिवस आधी तो पुण्याला गेला, एका मित्राला खरे सांगितले आणि रिकाम्या वर्गात जाऊन आला. पहिल्या दिवशी दोनच तास बसायचे ठरले होते. तो तीन बसला. आईने फोनवर निकालाऐवजी मेसच्या जेवणाची चौकशी करायची, हे तिला सर्वांत अवघड गेले.

वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले तरी झोप व जेवण सुधारत नसेल, मूल खोलीबाहेर पडत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. मरणाची भाषा कानावर आली तर मात्र एक दिवसही थांबू नये. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

दिवाळीच्या सुट्टीत तो भेटून गेला. परतीच्या आदल्या रात्री पोट पुन्हा दुखले, असे त्याने नंतर फोनवर सांगितले. त्याने ते आईला सांगितले, ओव्याचे पाणी घेतले आणि सकाळची एसटी पकडली.