निबंधाला शून्य मिळालं म्हणून घरातली मराठी बंद करायची?

*आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा चौथीत आहे. गेल्या एप्रिलमध्ये तिसरीच्या ‘स्टार’ (STAAR) या राज्याच्या वार्षिक परीक्षेत वाचनाचे प्रश्न त्याला बरे जमले, पण निबंधाला शून्य मिळालं. निबंध आता कॉम्प्युटर तपासतो म्हणे. त्यात ही परीक्षाच बदलणार असं ऐकतेय. नवरा म्हणतो, घरात फक्त इंग्रजी बोलू आणि रायटिंगचा महागडा क्लास लावू. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्याला काय शिकवणार? रात्र-रात्र झोप लागत नाही. – एक आई*

ताई, मराठी बंद करू नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे आधी. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडची भाषा एकदा सुटली की पुढे ती परत आणणं फार जड जातं.

आता त्या शून्याबद्दल. त्याला लिहिता येत नाही, असा अर्थ तुम्ही काढलात. या निबंधाची गुणपट्टी पाचांची असते. तीन गुण मुद्दा आणि त्याच्या मांडणीला, दोन व्याकरण-शुद्धलेखनाला. मुद्द्याच्या भागात शून्य पडलं की दुसऱ्या भागातही आपोआप शून्यच देतात. म्हणजे वाक्यं शुद्ध, स्पेलिंग बरोबर, तरी हाती काही नाही, असं होऊ शकतं. टेक्सासमध्ये पूर्वी लेखनाचा वेगळा पेपर फक्त चौथीला आणि सातवीला होता. 2019 च्या कायद्याने तो काढला आणि 2023 पासून तिसरीपासूनच वाचन-लेखन एकत्र आलं. मुलाने उतारा वाचायचा आणि त्यातला पुरावा देऊन लिहायचं. आपण शाळेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायचो, तसं मनातलं लिहून इथे भागत नाही.

त्यामुळे क्लासचे पैसे भरण्याआधी त्याचा निबंध वाचा. निकालपत्रावर एक कोड असतो. तो राज्याच्या पालक-पोर्टलवर टाकला की त्याने लिहिलेलं उत्तर दिसतं. तुम्ही दोघांनी शेजारी बसून वाचा. प्रश्नाचं उत्तर दिलंय का, की उताऱ्यातलीच वाक्यं उतरवलीत? की दोन ओळींवर थांबलाय? आणि त्यालाही विचारा, त्या दिवशी काय झालं होतं. तुमच्या पत्रात त्याचं स्वतःचं म्हणणं कुठेच आलेलं नाही.

कॉम्प्युटरचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. 2024 च्या वसंतातल्या परीक्षेपासून लेखी उत्तरं आधी यंत्र तपासतं आणि साधारण पाव हिस्सा उत्तरं माणसांकडे जातात, असं राज्याचा शिक्षण विभागच सांगतो. मला हे पटत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने जीव लावून लिहिलेलं प्रत्येक पान माणसाने वाचायला हवं. पटत नसेल तर स्कूल बोर्डाच्या बैठकीत उठून बोला, तो पालकांचा हक्क आहे. शाळेमार्फत फेरतपासणीही मागता येते. फी 50 डॉलर, गुण वाढले तर ती लागत नाही. गेल्या एप्रिलच्या पेपरची मुदत आता बहुधा संपली असेल, पण यंदाचा निकाल लागला की लगेच चौकशी करा.

बदलाचं म्हणाल, तर 2025 मध्ये तसा कायदा झाला आहे. 2027-28 पासून वर्षअखेरच्या एका मोठ्या परीक्षेऐवजी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन लहान परीक्षा होतील आणि निकाल दोन दिवसांत हाती येईल. तोवर तुमचा मुलगा सहावीत असेल. म्हणून ‘नव्या पॅटर्नची तयारी’ म्हणून कुणी आजच क्लास विकत असेल, तर दारातूनच परत पाठवा. शिवाय या गुणांवर त्याचं वर्ष जाणार नाही. पाचवीत आणि आठवीत पुढे जायला ही परीक्षा पास होण्याची अट होती, तीही 2021 मध्ये काढली. पास झाला नाही, तर जादा शिकवणी देणं शाळेवर बंधनकारक आहे. अट येते ती थेट हायस्कूलच्या डिप्लोमाला. आज रात्री झोपा.

तुम्ही काय शिकवणार? त्या परीक्षेत जे सगळ्यात अवघड आहे, नेमकं तेच. बिरबलाच्या खिचडीची गोष्ट सांगा. रात्रभर थंड पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला बक्षीस नाकारलं, कारण त्याला दूरच्या दिव्याची ऊब मिळाली म्हणे. मग विचारा, बादशहाचं बरोबर होतं का? तो ‘नाही’ म्हणेल. विचारा, कशावरून? गोष्टीत असं काय आहे, ज्यावरून तू हे म्हणतोस? तो अडखळेल, चिडेलही. चिडू द्या, उत्तर तुम्ही देऊ नका. पुरावा शोधायची सवय मराठीत लागली की इंग्रजीत ती वेगळी लावावी लागत नाही. इंग्रजी शब्द त्याला शाळेत दिवसभर मिळतातच. मग तेच तीन-चार वाक्यांत इंग्रजीतून टाइप करायला सांगा. निबंध स्क्रीनवरच लिहायचा असतो, 2,300 अक्षरांच्या चौकटीत, आणि अक्षरं शोधण्यात वेळ गेला की डोक्यातला मुद्दा निसटतो. त्याच्या चुका तुम्हाला सापडल्या नाहीत तरी चालेल, त्या बघायला टीचर आहेत.

टीचरची वेळ मागून घ्या. त्यांना इतकंच विचारा की वर्गातल्या लिखाणात तो कुठे अडतो, मुद्दा सुचण्यात की तो पुराव्याला जोडण्यात. नवऱ्यालाही सोबत न्या. त्यांना वाटणारी काळजी खोटी नाही, पण घरातली भाषा बदलण्याचा विषय या भेटीनंतरच काढू, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.