अण्वस्त्रांबाबत सरकारला शास्त्रज्ञांचा सल्ला मानावाच लागतो का?

नाही, तसं बंधन नसतं. ठळक दाखला अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बचा. ऑक्टोबर १९४९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्या अध्यक्षतेखालच्या, अणुऊर्जा आयोगाच्या सल्लागार समितीने हा बॉम्ब बनवण्याची घाई करू नका, असं एकमुखाने सांगितलं. समितीतल्या फर्मी आणि राबी या शास्त्रज्ञांनी तर वेगळं टिपण जोडून असा बॉम्ब कुठल्याही दृष्टीने पाहिला तरी वाईटच, असं लिहिलं. पण ऑगस्टमध्येच सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली होती. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी ३१ जानेवारी १९५० रोजी काम पुढे न्यायला सांगितलं. समितीचा अहवाल आता खुला आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. मात्र ‘शास्त्रज्ञ विरुद्ध पुढारी’ असं चित्र रंगवू नका: बॉम्बसाठी वॉशिंग्टनमध्ये खटपट करणारे टेलर आणि लॉरेन्सही नावाजलेले शास्त्रज्ञच होते.