रविवारी दुपारीच पोटात गोळा

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. शिकवायला आवडायचं. आता पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, व्हॉट्सअ‍ॅपवर 'तात्काळ पाठवा'. रविवारी दुपारीच पोटात गोळा येतो. मुलांवर उगाच खेकसते. दिवाळीची सुट्टी झाली तरी थकवा जाईना. मी आळशी झालेय का?

उत्तर : ताई, आळशी माणूस रविवारी ताणून देतो! तुमचं वर्णन बर्नआउटचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा नोंदवल्या: गळून जाणं, कामापासून मन तुटणं, आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाचा साचत गेलेला ताण म्हणते. म्हणून नुसत्या सुट्टीने भागत नाही, परतल्यावर तेच रजिस्टर समोर. मुख्याध्यापकांशी बोलून नोंदी आळीपाळीने वाटून घ्या. संध्याकाळी सातनंतर ग्रुप म्यूट (जग बुडत नाही, मी पाहिलंय). थायरॉइड, हिमोग्लोबिनही तपासा. चाळिशीतल्या थकव्याचं खापर दरवेळी मनावर फोडू नये. सुट्टीत, घरीही काही गोड लागेना, झोप उडाली, तर नैराश्य असू शकतं. तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.